शेवट, साक्ष आणि वळवाचा पाऊस : वऱ्हाडातील एका भाकिताचे वाचन

१

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील चौदावे वचन हे नव्या करारातील युगान्तविषयक वचनांमध्ये सर्वांत निराभरण म्हणावे असे वचन आहे. त्यात पशू नाहीत, शिंगे नाहीत, मुद्रा किंवा कर्णे नाहीत. दानिएलाच्या ग्रंथात आणि प्रकटीकरणात आकड्यांची जी आरास आढळते तिचा येथे मागमूस नाही. राज्याची सुवार्ता साक्षीदाखल सगळ्या राष्ट्रांपर्यंत पोहोचली की मग शेवट, एवढाच त्याचा आशय. परंतु बुलढाणा जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खामगाव, मलकापूर, बुलढाणा अशी मिशनची जी ठाणी उभी राहिली त्यांचे कारण शोधू गेल्यास आपण या वचनापाशी, अधिक नेमके बोलायचे तर त्याच्या एका विशिष्ट वाचनापाशी, येऊन थांबतो. ही ठाणी ज्या संस्थेची, त्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चा जन्मच मुळी या वचनाच्या अर्थनिर्णयनातून झाला.

मिशनांच्या इतिहासाकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन रीती रूढ आहेत. एकीत वसाहतवाद, जातिव्यवस्था, शिक्षण आणि मुद्रण हे विषय महत्त्वाचे ठरतात व धर्मशास्त्र हे वरचे कवच म्हणून बाजूला ठेवले जाते. दुसरी रीत मंडळीच्या आतील. तिच्यात धर्मशास्त्राला स्थान असते, परंतु ते वादातीत मानल्यामुळे त्याचा ‘वाचन’ म्हणून विचार होत नाही. युगान्ताच्या भाकितांच्या बाबतीत तर पहिल्या रीतीचे अभ्यासक हसून पुढे जातात आणि दुसऱ्या रीतीचे मान लववून पुढे जातात. दोघेही थांबत नाहीत. साहित्यसमीक्षेने येथे थांबायला हवे, कारण एका संहितेच्या एका वाक्याचा अन्वयार्थ बदलल्याने माणसे कोठे गेली, कोठे गेली नाहीत, त्यांनी काय बांधले व काय बांधायचे टाळले, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणे थोडी सापडतात. आणि ते वाक्य मराठीत आल्यावर त्याचे पुढे काय झाले, हा तर सर्वस्वी आपलाच प्रश्न आहे.

२

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या सहस्रवर्षीय राज्याचा उल्लेख येतो. पुनरागमन या राज्याच्या नंतर होणार की आधी, यावर प्रॉटेस्टंट जगात दोन तट पडले. पुनरागमन नंतर, असे मानणाऱ्यांच्या मते सुवार्ता, शिक्षण व सुधारणा यांच्या जोरावर जग क्रमाक्रमाने ख्रिस्ती होत जाईल आणि त्या दीर्घ सुवर्णकाळाच्या शेवटी प्रभू येईल. आधी, असे मानणाऱ्यांच्या मते जग सुधारणार नाही, बिघडतच जाईल. प्रभू अकस्मात येईल आणि राज्य तो स्वतः स्थापील. पहिल्या मताचा कालविषयक स्वभाव शेतकऱ्याचा, दुसऱ्याचा पहारेकऱ्याचा, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

मराठी मुलखातील अमेरिकन मिशनची सुरुवात पहिल्या मताने झाली. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल यांनी सॅम्युएल न्यूवेल यांच्यासह ‘जगाचे परिवर्तन अथवा साठ कोटींचा हक्क’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली पुस्तिका लिहिली. ती १८१८ साली प्रसिद्ध झाली. शीर्षकातच हिशेब आहे. जगाची लोकसंख्या, त्यातील अख्रिस्ती किती, त्यांच्यासाठी किती माणसे व किती पैसा लागेल, असे ते त्रैराशिक होते. पुढे मुंबईत जॉन विल्सन आणि नागपुरात १८४० च्या दशकात आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढल्या, कोशकार, भूगर्भशास्त्र व पुराणवस्तू यांत रस घेतला, वादसभा भरवल्या. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ पासूनचे. ज्यांना जगाच्या अंतापूर्वी भरपूर वेळ आहे अशी खात्री असते तेच भूगर्भशास्त्रात लक्ष घालू शकतात. हे उपरोधाने म्हटलेले नाही.

अल्बर्ट बेंजामिन सिम्पसन (१८४३–१९१९) हे दुसऱ्या मताचे. जन्माने कॅनडाचे, न्यूयॉर्कमध्ये प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक. १८८१ मध्ये त्यांनी ते पद सोडले. १८८७ मध्ये त्यांनी दोन संघटना स्थापन केल्या व १८९७ मध्ये त्या एकत्र होऊन अलायन्स अस्तित्वात आली. तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा अशी ख्रिस्ताची चतुर्विध सुवार्ता ही त्यांची शिकवण होती. यातील चौथे पद नुसते शिकवणीचे कलम नव्हते, तर तो कार्यक्रम होता. राजा येणार हे खरे, पण त्याच्या येण्याला एक अट आहे, आणि ती अट पुरी करणे माणसाच्या हातात आहे, असे त्यांचे चौदाव्या वचनाचे वाचन होते.

त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी एक आठवण येथे उपयोगी पडेल. एका वार्ताहराने त्यांना प्रभूच्या येण्याची तारीख विचारली. माझे उत्तर संदर्भासह छापणार असाल तर सांगतो, असे म्हणून सिम्पसनांनी त्याला मत्तय २४:१४ हे वचन दिले. मिलरच्या अनुयायांनी १८४४ साली तारीख देऊन जी फजिती करून घेतली होती तिची आठवण अमेरिकेत अजून ताजी होती. सिम्पसनांनी तारखेच्या जागी अट ठेवली. तारीख चुकू शकते. अट चुकत नाही, ती फक्त पुरी व्हायची राहते. भाकिताच्या व्याकरणातील हा फरक आपण मनात ठेवला पाहिजे.

३

अट कोणती, हे मात्र ‘साक्ष’ या शब्दावर अवलंबून होते. सगळी राष्ट्रे ख्रिस्ती व्हावीत असे वचनात म्हटलेले नाही, त्यांना साक्ष मिळावी एवढेच म्हटले आहे, यावर सिम्पसनांच्या परंपरेचा सारा भर. साक्ष द्यायची तर प्रत्येक लोकसमूहात कोणीतरी पोहोचले पाहिजे. तेथे महाविद्यालय उभे राहिलेच पाहिजे असे नाही. जेथे आधीच कोणी आहे तेथे पुन्हा जाण्यात अर्थ नाही. जेथे कोणी नाही तेथे जायचे. नकाशावरची रिकामी जागा हीच भाकिताच्या पूर्ततेतील उणीव ठरली.

या दृष्टीने पाहिले असता वऱ्हाड आणि खानदेश हा पट्टा त्यांच्या डोळ्यांत का भरला असेल ते समजते. पूर्वेला नागपुरात स्कॉटिश मिशन, दक्षिणेला अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशन. मधला प्रदेश तुलनेने मोकळा. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होते, पण नावाची मालकी निजामाची. मुंबई–नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जिल्ह्याच्या उत्तर भागातून जात होता आणि जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत १८७० मध्ये फाटा निघाला होता. भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला ही अलायन्सची ठाणी पाहिली की कापसाचा आणि साक्षीचा मार्ग एकच होता हे ध्यानात येते. अकोल्यात मार्कस फुलर व जेनी फुलर हे दांपत्य १८८० च्या दशकापासून स्वतंत्रपणे काम करीत होते. पुढच्या दशकात ते अलायन्समध्ये आले आणि या क्षेत्राची घडी त्यांनी बसवली.

‘सर्व राष्ट्रे’ यातील ‘राष्ट्र’ हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एथ्नोस’. सिम्पसनांच्या वर्तुळात त्याचा अर्थ लोकसमूह, भाषिक जमात असा घेतला जाई, आणि म्हणूनच मोजदाद शक्य होई. मराठी भाषांतराने ‘राष्ट्र’ हा शब्द वापरला त्या वेळी तो बराचसा निरुपद्रवी होता. परंतु १८८५ नंतर त्या शब्दाला जी धार आली ती पाहता, अकोल्याच्या किंवा खामगावच्या बाजारात उभा राहून राष्ट्रांना साक्ष देणाऱ्या प्रचारकाचे वाक्य श्रोत्याच्या कानात काय घेऊन जात असेल? आपण ‘राष्ट्र’ आहोत की नाही हाच तर त्या काळी वादाचा विषय होता. प्रचारक मात्र ते गृहीत धरून बोलत होता. ख्रिस्ती आणि राष्ट्रीय शब्दकोशांची ही गुंतागुंत स्वतंत्र अभ्यास मागते.

४

मग दुष्काळ आला. १८९६–९७ चा आणि लगेच १८९९–१९०० चा. वऱ्हाड हा काळ्या जमिनीचा, पिकाची हमी असलेला प्रदेश समजला जाई. दुसऱ्या दुष्काळाने तो समज मोडला.

चोविसाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात दुष्काळ हे शेवटाच्या अलीकडील खुणांपैकी एक म्हणून मोजले आहे. तेव्हा पहारेकऱ्याच्या दृष्टीने हा दुष्काळ म्हणजे खूण होती. पण खूण वाचून झाल्यावर समोर पोरके मूल उरते. अलायन्सने अनाथालये काढली. खामगाव हे मुलींच्या वसतिगृहाचे व शाळेचे ठिकाण झाले. येथे या वाचनातला आतला ताण उघड होतो. मूल वाढवायला पंधरा वर्षे लागतात. त्याला खायला हवे, लिहावाचायला शिकवायला हवे, हाताला काम हवे, पुढे त्याचे लग्न लावून द्यायला हवे. थोड्या मुदतीसाठी आलेल्या संस्थेला दीर्घ मुदतीचा कारभार अंगावर घ्यावा लागला. साक्ष देऊन पुढच्या गावी जायचे, हा बेत अनाथालयाच्या फाटकाशी अडला.

ही विसंगती आहे, असे म्हणून मोकळे होता येईल. पुष्कळांनी तसे म्हटलेही असते. मला ते पटत नाही. जैतुनाच्या डोंगरावरील म्हणून ओळखले जाणारे हे प्रवचन चोविसाव्या अध्यायात संपत नाही. ते पंचविसाव्यात चालू राहते, आणि तेथे शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. त्या न्यायाची कसोटी भुकेल्याला अन्न दिले की नाही, परक्याला घरात घेतले की नाही, ही आहे. दुष्काळ हे चिन्ह सांगणारे वचन आणि भुकेल्यात प्रभूला ओळखायला सांगणारे वचन ही एकाच प्रवचनाची दोन टोके होत. त्यांच्यामध्ये आज जी अध्यायाची रेघ दिसते ती तेराव्या शतकात पडलेली आहे, मूळ संहितेत ती नाही. युगान्ताचे अभ्यासक चोविसावा अध्याय वाचतात, समाजसेवेचे पुरस्कर्ते पंचविसावा. खामगावला १९०० साली दोन्ही एकत्र वाचावे लागले, आणि ते वाचन कोणी पुस्तकात लिहिले नसले तरी हिशेबाच्या वह्यांत, धान्याच्या पोत्यांत घडलेले आहे.

जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रीजीवनातील अन्यायांवरचे इंग्रजी पुस्तक १९०० साली, दुसऱ्या दुष्काळाच्याच वर्षी, निघाले. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. बालविवाह, वैधव्य, देवदासी यांचे त्यात जे तपशीलवार विवेचन आहे त्याला मिशनरी दृष्टीच्या मर्यादा आहेत, आणि त्या अनेकांनी दाखवल्या आहेत. येथे लक्षात घ्यायचे ते वेगळे. जग लवकरच संपणार, असे मानणाऱ्या संस्थेतील बाई कायदा, वय आणि चालीरीती यांचा इतका बारकाईने विचार करते, हे तिच्या मताच्या विरुद्ध नाही का? फ्रँक कर्मोड यांनी ‘द सेन्स ऑफ ॲन एंडिंग’ (१९६७) मध्ये असे प्रतिपादन केले की शेवटाची कल्पना ही मधल्या काळात जगणाऱ्या माणसाची गरज असते. शेवट कल्पिल्याने मधल्या काळाला आकार येतो, आणि भाकीत खोटे ठरले तरी त्याची बदनामी होत नाही, कारण ते पुन्हा जुळवून घेता येते. वऱ्हाडच्या उदाहरणाला हे विवेचन बरेचसे लागू पडते, पण पुरते नाही. कर्मोडचा वाचक शेवटाची कल्पना करतो. सिम्पसनांच्या वाचकाला शेवट घडवून आणण्यात हात लावायचा असतो. तो कथेच्या आत उतरलेला वाचक आहे. म्हणून त्याच्याबाबतीत प्रश्न समाधानाचा उरत नाही, श्रमाचा होतो. आणि श्रम ज्या मातीत करायचे ती माती आपल्या अटी घालते.

५

तारखांचा मोह सिम्पसनांच्या वर्तुळातून पूर्णपणे गेला होता असे मात्र नाही. त्यांच्यावर हेन्री ग्रॅटन गिनेस यांचा प्रभाव होता. गिनेस यांनी दानिएलाच्या ग्रंथातील दिवस म्हणजे वर्षे, असे धरून गणिते मांडली. ‘सात काळ’ म्हणजे २५२० वर्षे; ती नबुखद्नेस्सराच्या काळापासून, इ. स. पू. ६०४ पासून, मोजली की १९१७ हे वर्ष येते. हे त्यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात लिहून ठेवले होते. १९१७ च्या नोव्हेंबरात बाल्फोर जाहीरनामा निघाला आणि ९ डिसेंबरला जेरुसलेम तुर्कांकडून ॲलन्बीच्या सैन्याच्या हाती आले. गिनेस १९१० मध्येच वारले होते. त्यांच्या वाचकांना काय वाटले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. सिम्पसन तर भारावून गेले.

ॲलन्बीच्या सैन्यात हिंदी पलटणीही होत्या. हिंदुस्थानातील शेतकऱ्यांच्या मुलांनी जे केले ते अमेरिकेत दानिएलाच्या ग्रंथाची पूर्तता म्हणून वाचले गेले. त्या सैनिकांपैकी कोणाला आपण भाकितात सामील आहोत याची गंधवार्ता नसावी. आणि पुढच्याच वर्षी, १९१८ च्या पावसाळ्याअखेर, इन्फ्लुएन्झाची साथ आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा हिंदुस्थानात सर्वाधिक मृत्यूदर असलेल्या भागांपैकी एक ठरला. खुणांच्या यादीतले आणखी एक कलम हजर झाले. शेवट मात्र आला नाही. सिम्पसन १९१९ च्या ऑक्टोबरात वारले.

त्याच १९१७ साली साताऱ्याला नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्याला खुणेचे स्वरूप देण्याचा माझा इरादा नाही. तरी दोन प्रतिमांमधील अंतर बोलके आहे. एकीकडे येणारा राजा, दुसरीकडे भरलेला दरबार. दरबार भरला आहे म्हणजे राजा आसनावर आहे. त्याला आणायचे नाही, त्याच्यापुढे जाऊन बसायचे आहे. सी. एच. डॉड यांनी १९३५ साली देवाचे राज्य येऊन ठेपलेलेच आहे हा सिद्धान्त मांडून इंग्रजी बायबल-अभ्यासात खळबळ उडवली. टिळकांच्या भक्तिपर मराठीत ही जाणीव अगोदरच होती, आणि ती कोणत्याही जर्मन वा इंग्रजी वादातून आलेली नव्हती. वारकरी परंपरेत देव विटेवर उभाच आहे. तो यायचा राहिलेला नाही. ज्याच्या कानावर हे लहानपणापासून पडले आहे त्याला पुनरागमनाची आतुरता शिकवावी लागते.

६

आता मराठी शब्दांकडे वळू. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा तेथे आहे.

पहिला शब्द ‘युग’. ग्रीक ‘आयोन’ या शब्दासाठी मराठी बायबलात तो आला, आणि ‘युगाची समाप्ती’ अशी पदरचना रूढ झाली. याहून बरा शब्द मराठीत सुचणे कठीण होते. परंतु मराठी श्रोत्याच्या मनात युग एकटे येत नाही; ते चौघांच्या रांगेतले असते. कलियुग ४,३२,००० वर्षांचे, त्याचा आरंभ इ. स. पू. ३१०२ मध्ये, म्हणजे अजून सव्वाचार लाखांहून अधिक वर्षे शिल्लक. आणि ते संपल्यावर पुन्हा कृतयुग. ‘युग’ हा शब्द उच्चारताच शेवटाची तातडी नाहीशी होते आणि शेवटाचे अंतिमपणही जाते. प्रचारक सरळ रेषेबद्दल बोलतो आहे, शब्द वर्तुळ काढतो आहे. जाता जाता हेही नोंदवावे की याच जिल्ह्यात लोणारच्या सरोवराची कथा विष्णूने लवणासुराचा वध केल्याची आहे. तेथील दैत्यसूदनाच्या देवळाच्या परिसरात राहणाऱ्या माणसासाठी संहार ही घडून गेलेली गोष्ट आहे, तिचे खारे पाणी रोज डोळ्यांसमोर आहे. प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात आकाशातून तारा पडून पाणी कडू होते, हे आठवून कोणाला हर्ष होईल. तो आवरावा. लोणार उल्कापाताने झाले हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. त्यापूर्वी ते ज्वालामुखीचे मुख समजले जाई. साम्य आपल्याला आज सुचते, ते तेथे ‘होते’ असे नव्हे. युगान्ताच्या खुणा बहुतेक वेळा याच रीतीने सापडत आल्या आहेत.

दुसरा शब्द ‘भविष्यवादी’. जुन्या मिशनरी मराठीत यशया, यिर्मया यांना भविष्यवादी म्हणत. शब्दाने त्यांना ज्योतिषाच्या शेजारी नेऊन बसवले. पुढच्या भाषांतरात ‘संदेष्टा’ हा शब्द स्थिर झाला. हा बदल वरवर शैलीचा वाटतो, पण त्याने संहितेचा प्रकारच पालटतो. भविष्यवाद्याला विचारायचे ते ‘काय होणार?’, संदेष्ट्याला विचारायचे ते ‘काय सांगितले आहे?’ पहिल्याच्या बोलण्याची कसोटी उद्या लागते, दुसऱ्याच्या बोलण्याची आज, ऐकणाऱ्याच्या वागण्यात. पाश्चात्त्य बायबल-समीक्षेने एकोणिसाव्या शतकात मोठ्या खटपटीने हिब्रू संदेष्ट्यांना भाकीत सांगणाऱ्यांच्या पंक्तीतून उठवून नीती सांगणाऱ्यांच्या पंक्तीत आणले. मराठीत ते काम एका शब्दाने केले, आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. अलायन्सच्या मंडळ्यांमध्ये पुनरागमनाचा उपदेश चालू राहिला, पण तो ऐकणाऱ्यांच्या हातातील पुस्तकात मात्र यशया हा आता संदेष्टा होता.

भविष्य सांगणाऱ्याची जागा जिल्ह्यात रिकामीही नव्हती. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून त्याभोवती धान्याचे दाणे ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पान-सुपारी, पापड, भजी, करंजी. रात्री तेथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी बदल पाहून पाऊस, पिके, रोगराई, राजा यांचे भाकीत वर्तवले जाते. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची मानली जाते. विज्ञानवादी कार्यकर्त्यांनी तिचे निष्कर्ष तपासून ते फोल असल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला आहे व तो योग्यच आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने भेंडवळचे भाकीत शिकवून जाते ते असे, की त्याची मुदत एका पावसाळ्याची असते. ते चुकले तर पुढच्या वैशाखात पुन्हा मांडणी. ते कधीच ‘शेवटा’बद्दल बोलत नाही, राजा टिकेल की जाईल एवढे सांगते, राज्य संपेल असे म्हणत नाही. जो शेतकरी भेंडवळला जाऊन येतो तो बाजारात प्रचारकाचे भाकीत ऐकताना कोणता प्रश्न मनात धरील? यंदाचा. चौदाव्या वचनातला काळ यंदाचा नाही, एखाद्या सालाचाही नाही. म्हणून दोन भाकितांमध्ये भांडण फारसे झाले नाही. ती एकमेकांच्या बाजूने निघून गेली.

७

१९०५ च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जे धार्मिक जागरण झाले त्याची वार्ता जगभर गेली. मिनी एब्रॅम्स यांनी १९०६ साली त्यावर पुस्तिका लिहिली. या जागरणाचा अर्थ लावताना पवित्रतावादी आणि पुढे पेन्टेकॉस्टल वर्तुळांत, अलायन्सचाही ज्यांच्याशी निकटचा संबंध होता त्या साऱ्या गोतावळ्यात, योएलाच्या ग्रंथातील दोन पावसांचे रूपक वापरले गेले. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर–नोव्हेंबरात पडतो. त्याने जमीन मऊ होते आणि पेरणी करता येते. शेवटचा पाऊस मार्च–एप्रिलमध्ये; त्याने दाणा भरतो आणि मग कापणी. प्रेषितांच्या काळातील पन्नासावा दिवस हा पहिला पाऊस. आताची जागृती हा शेवटचा पाऊस. म्हणजे कापणी, अर्थात युगाची समाप्ती, जवळ आली. रूपक स्वच्छ आहे आणि त्याचे सारे बळ क्रमात आहे.

मराठी बायबलात या दोन पावसांना ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ असे शब्द आहेत. दोन्ही अस्सल कुणबी शब्द. भाषांतरकारांनी संस्कृत समास टाळून शेतकऱ्याचे शब्द घेतले याबद्दल त्यांना दाद द्यावी तेवढी थोडी. परंतु आगोट म्हणजे मृगाच्या आसपास पावसाळ्याची सुरुवात, आणि वळीव, आजच्या सर्वत्र समजल्या जाणाऱ्या अर्थाने, चैत्र-वैशाखात विजांच्या कडकडाटासह पडणारा पाऊस. महिन्याच्या हिशेबाने वळीव हा हिब्रू ‘मल्कोश’शी बरोबर जुळतो, दोघेही मार्च-एप्रिलकडचे. पण शेतीच्या हिशेबाने अर्थ उलटतो. पॅलेस्टाइनमध्ये त्या पावसानंतर कापणी येते. वऱ्हाडात कापूस, ज्वारी, गहू, हरभरा सारे त्याआधी घरात आलेले असते. वळीव पडतो तो मोकळ्या शेतावर, आणि त्याच्यामागून येते ती आगोट व पेरणी. येथे वळीव आधी आणि आगोट नंतर. शेवटचा पाऊस पहिल्याच्या आधी पडतो.

याच अडचणीचे दुसरे उदाहरण चोविसाव्या अध्यायातच आहे. अंजिराच्या झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला असे ओळखा, तसेच या खुणांवरून ओळखा, असा तो दृष्टान्त. तिकडचा उन्हाळा फळे पिकण्याचा, भरलेल्या कोठारांचा. खामगाव-मलकापूरकडचा उन्हाळा विहिरी आटण्याचा. दृष्टान्तातील आशा येथे धास्ती होते. पण हे उदाहरण सोपे आहे, कारण तेथे फक्त भाव बदलतो, आणि टीकाकार एका टीपेत तो दुरुस्त करू शकतो. वळवाच्या बाबतीत काळाचा क्रमच बदलतो, आणि ज्या वाचनाचा सारा आधार क्रमावर आहे त्याचा पाया त्यामुळे निसटतो. हे भाषांतरकारांचे अज्ञान म्हणता येणार नाही; त्यांनी महिना सांभाळला की ऋतू, एवढाच प्रश्न आहे, आणि दोन्ही एकदम सांभाळता येत नव्हते. ‘परतीचा पाऊस’ म्हटले असते तर क्रम राहिला असता. पण तो आश्विनातला, वेचणीला आलेला कापूस भिजवणारा. कापणी पिकवणारा पाऊस वऱ्हाडच्या ऋतुचक्रात नाहीच.

याकोबाच्या पत्रात प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा असे सांगताना शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. तो दोन्ही पावसांची वाट पाहतो. हा दाखला चिखली-मेहकरकडील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मंडळीत वैशाखातल्या एखाद्या रविवारी वाचला जातो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे पीक नसते. वखरून ठेवलेली काळी जमीन असते, आणि बियाण्याची सोय अजून व्हायची असते.